गुडघेरोपणानंतरची जळजळ आणि गोठवलेला मज्जातंतू : एक प्रकरण अभ्यास

गुडघ्याचा सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया उत्तम पार पडली, एक्स-रेमध्ये कृत्रिम सांधा जागच्या जागी दिसतो, जखमही भरून आली, आणि तरीही रुग्ण 'दुखतंय' म्हणून परत येतो, ही परिस्थिती अस्थिरोगतज्ज्ञांना नवी नाही. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, या शस्त्रक्रियेनंतर दीर्घकाळ त्रासदायक वेदना उरलेल्या रुग्णांचे प्रमाण निरनिराळ्या अभ्यासांमध्ये १० ते ३४ टक्के असल्याचे आढळले होते. या वेदनांची कारणे अनेक असतात. त्यांपैकी एका लहानशा, पण सहज नजरेतून सुटणाऱ्या कारणाचा आणि त्यावर योजलेल्या मज्जातंतू गोठवण्याच्या उपचाराचा, म्हणजेच क्रायोन्यूरोलिसिसचा, विचार येथे केला आहे. येथील रुग्ण ही प्रत्यक्षातील एक व्यक्ती नव्हे. वेदनाचिकित्सेत नेहमी दिसणाऱ्या चित्रावरून हे प्रकरण अभ्यासासाठी रचले आहे. शरीररचना, उपचाराची पद्धत आणि संशोधनाचे दाखले मात्र प्रसिद्ध वैद्यकीय ज्ञानातलेच आहेत.

रुग्णाची स्थिती

सातारा जिल्ह्यातील प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या ६३ वर्षांच्या बाईंना गेली अकरा वर्षे मधुमेह होता आणि तो गोळ्यांवर बऱ्यापैकी आटोक्यात होता. उजव्या गुडघ्याची झीज वाढल्यामुळे चौदा महिन्यांपूर्वी त्यांचा सांधा बदलण्यात आला. शस्त्रक्रियेपूर्वी चालताना जे खोल, ठणकणारे दुखणे होते, ते पूर्णपणे गेले, हे त्या स्वतःच सांगत होत्या. आताचे दुखणे वेगळे होते. वाटीच्या खाली आतल्या बाजूस, व्रणापासून दोन-तीन बोटांच्या अंतरावर, तळहाताएवढ्या पट्ट्यात सतत आग होई आणि मधूनच विजेसारखी कळ जाई. साडीचा काठ घासला की अंगावर काटा येई, रात्री पांघरूण गुडघ्यावर सहन होत नसे, आणि कुशीवर वळताना दुसऱ्या पायाचा स्पर्श झाला तरी झोप मोडे. उलट, व्रणाच्या बाहेरच्या बाजूचा भाग बधिर होता. शून्य ते दहा या मापावर त्या आपले दुखणे सात सांगत.

औषधांचा इतिहास अशा रुग्णांमध्ये सहसा असतो तसाच होता. पॅरासिटामॉलचा उपयोग नव्हता. सूजविरोधी वेदनाशामक गोळ्या रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा घटक) वाढू लागल्यामुळे बंद कराव्या लागल्या होत्या. ट्रामाडॉलने मळमळ होई. मज्जातंतूच्या वेदनेवरचे प्रीगॅबालिन ७५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा घेतल्यावर जळजळ थोडी कमी झाली, पण चक्कर येऊ लागली आणि एकदा न्हाणीघरात तोल गेला. नव्या सांध्याच्या रुग्णाने पडणे म्हणजे काय, हे सांगायला नको. लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधाची पट्टी लावल्यावर काही तास बरे वाटे, हा मात्र निदानाच्या दृष्टीने महत्त्वाचा दुवा होता, कारण त्वचेवरच्या औषधाला दाद देणारी वेदना सांध्याच्या आतून येत असण्याची शक्यता कमी असते.

दुखण्याचा खरा परिणाम हालचालीवर झाला होता. फिजिओथेरपिस्टचा हात गुडघ्याला लागणेच नकोसे झाल्यामुळे व्यायाम सुटले होते आणि गुडघा ८५ अंशांपलीकडे वाकत नव्हता. एसटीची पायरी चढता येत नाही, म्हणून बाईंनी बाहेरगावी जाणे सोडून दिले होते. 'सांधा छान बसलाय, आता ते मनातून काढून टाका', असे त्यांना एकाहून अधिक ठिकाणी ऐकावे लागले होते. या वाक्यातला पहिला भाग खरा होता, हीच त्यातली अडचण. सांधा निर्दोष असणे आणि गुडघा निर्दोष असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

निदान

वेदनातज्ज्ञांनी प्रथम केले ते हेच, की मज्जातंतूचा विचार बाजूला ठेवून धोकादायक कारणे वगळली. कृत्रिम सांध्यातील जंतुसंसर्ग हे त्यांतले सर्वांत गंभीर कारण असते. शस्त्रक्रियेला वर्ष उलटल्यावर ईएसआर आणि सीआरपी या शरीरातील दाह दाखवणाऱ्या रक्ततपासण्या सामान्य पातळीवर परतलेल्या असायला हव्यात, आणि त्या तशा होत्या. सांध्यातील द्रव काढून केलेल्या तपासणीतही जंतू वाढले नाहीत. एक्स-रेमध्ये सांधा सैल झाल्याची खूण नव्हती. खुब्याची हालचाल निर्वेध होती, आणि कमरेच्या तिसऱ्या-चौथ्या मणक्यांपाशी दबलेल्या मुळामुळे गुडघ्याच्या पुढे वेदना उमटू शकते, म्हणून कमरेचीही तपासणी झाली. तीत काही निघाले नाही.

उरले ते त्वचेलगतच्या मज्जातंतूचे दुखणे. मांडीतून खाली येणाऱ्या सॅफेनस मज्जातंतूची एक शाखा गुडघ्याच्या आतल्या बाजूने वळसा घेऊन वाटीच्या खाली पुढे येते आणि तिथल्या त्वचेला व सांध्याच्या आवरणाच्या पुढच्या भागाला संवेदना पुरवते. गुडघेरोपणाचा चिरा बहुधा मधोमध उभा घेतला जातो, आणि ही शाखा आतून बाहेर आडवी जाते. त्यामुळे ती चिऱ्यात सापडणे जवळजवळ अटळ असते. व्रणाच्या बाहेरच्या अंगाला येणारा बधिरपणा त्यामुळेच असतो, आणि बहुतेक रुग्ण तो विसरूनही जातात. काही थोड्यांमध्ये मात्र तुटलेल्या टोकाशी मज्जातंतूचे धागे वेडेवाकडे वाढून न्यूरोमा नावाची गाठ तयार होते, आणि ती गाठ कारण नसताना मेंदूकडे वेदनेचे संदेश धाडत राहते. बाईंच्या गुडघ्याचा नकाशा, म्हणजे बाहेर बधिर आणि आत जळजळ, या रचनेशी तंतोतंत जुळत होता. आतल्या बाजूला एका विशिष्ट बिंदूवर बोटाने टिचकी मारली की कळ वाटीखाली धावे. मज्जातंतूजन्य वेदना ओळखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या डीएन४ या प्रश्नावलीत दहापैकी चार गुण पुरेसे मानले जातात. त्यांचे सहा आले.

एवढ्यावर उपचार सुरू करता आला असता, आणि पुष्कळदा तो तसा केलाही जातो. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत मोलाचा निर्णय तो न करण्याचा होता. सोनोग्राफीच्या आधाराने त्या शाखेशेजारी एक टक्का लिग्नोकेनचे केवळ दोन मिलिलिटर टोचण्यात आले. मात्रा इतकी कमी ठेवण्यामागे विचार होता: औषध जास्त पसरले की शेजारचे तंतूही बधिर होतात आणि आराम नेमका कशामुळे मिळाला ते कळेनासे होते. दहा मिनिटांत दुखणे सातावरून एकवर आले आणि सुमारे दोन तास तसेच राहिले. आठवड्याने पुन्हा इंजेक्शन दिले, या वेळी जास्त काळ टिकणाऱ्या ब्युपिव्हॅकेनचे, आणि कोणते औषध आहे ते बाईंना सांगितले नाही. घरी जाऊन त्यांनी दर तासाला आकडा लिहून ठेवला, आणि आराम संध्याकाळपर्यंत टिकला. दोन्ही वेळा आराम मिळाला आणि प्रत्येक वेळी तो औषधाच्या मुदतीइतकाच टिकला, तेव्हा केवळ सुईच्या विश्वासाने बरे वाटले असण्याची शंका बरीच मागे पडली.

पर्याय आणि निवड

बधिर करण्याच्या औषधासोबत स्टिरॉइड देऊन इंजेक्शन पुन्हा पुन्हा घेणे हा पहिला पर्याय होता; मधुमेहात प्रत्येक वेळी साखर चढते, म्हणून तो मागे पडला. दुसरा पर्याय रेडिओफ्रिक्वेन्सीचा. त्यात सुईच्या टोकाशी साधारण ८० अंश सेल्सिअस उष्णता निर्माण करून मज्जातंतू भाजला जातो. आपल्याकडील वेदनाचिकित्सा केंद्रांत हे यंत्र गोठवण्याच्या यंत्रापेक्षा कितीतरी सहज उपलब्ध असते आणि गुडघ्याच्या खोल तंतूंसाठी ते चांगले काम करते. येथे मात्र तंतू त्वचेच्या अगदी खाली होता, शेजारी धातूचा सांधा होता, आणि उष्णतेने तंतूबरोबर त्याचे आवरणही नष्ट झाले तर नवा न्यूरोमा होण्याची भीती होती. तिसरा पर्याय शस्त्रक्रियेने ती शाखा वरच्या पातळीवर कापून तिचे टोक स्नायूत पुरण्याचा. त्याने कायमचा आराम मिळू शकतो, पण त्यात माघार नाही. म्हणून गोठवण्याचा पर्याय निवडण्यात आला.

थंडीने वेदना बोथट होते, हे ज्ञान जुने आहे. नेपोलियनचे शल्यचिकित्सक लॅरे यांनी १८०७ साली आयलाउच्या रणांगणावर, कडाक्याच्या थंडीत अवयव छेदताना सैनिकांना वेदना कमी होत असल्याचे नोंदवले होते. पण त्वचा गार करणे वेगळे आणि आतला नेमका तंतू गोठवणे वेगळे. १९६१ मध्ये न्यूयॉर्कचे मेंदूशल्यविशारद अर्व्हिंग कूपर यांनी द्रवरूप नायट्रोजनवर चालणारे उपकरण बनवले, १९६७ मध्ये नेत्रतज्ज्ञ अमोइल्स यांनी वायूच्या प्रसरणावर चालणारे हातात मावणारे उपकरण आणले, आणि १९७६ मध्ये इंग्लंडमध्ये लॉइड, बर्नार्ड व ग्लिन यांनी हीच पद्धत दीर्घकालीन वेदनेसाठी वापरून तिला क्रायोअॅनाल्जेसिया हे नाव दिले. नेत्रपटलाच्या आणि गर्भाशयमुखाच्या उपचारांत अशीच उपकरणे वापरली जात असल्यामुळे हे तत्त्व आपल्या डॉक्टरांना अपरिचित नाही.

उपकरणाच्या पोकळ सुईत दाबाखालचा नायट्रस ऑक्साइड बारीक छिद्रातून एकदम मोकळ्या जागेत येतो, प्रसरण पावताना उष्णता शोषून घेतो आणि टोक उणे ७० अंशांच्या आसपास गार होते. वायू सुईच्या आतूनच परत जातो, शरीरात शिरत नाही. टोकाभोवती काही मिलिमीटरचा बर्फाचा गोळा बनतो, आणि त्यात सापडलेल्या मज्जातंतूतील अक्षतंतू, म्हणजे संदेश वाहणारे धागे, तुटतात. तुटलेल्या जागेपुढचा भाग पुढच्या काही दिवसांत विरून जातो. १८५० साली ऑगस्टस वॉलर यांनी वर्णन केलेली हीच प्रक्रिया होय. धाग्यांभोवतीची संयोजी ऊतींची आवरणे मात्र शाबूत राहतात. ऊस तोडला तरी बुडखा जिवंत असला की खोडवा फुटतो, तसे हे अक्षतंतू त्याच नळीतून दिवसाला एक ते दोन मिलिमीटर या वेगाने पुन्हा वाढतात. आवरणे टिकण्याचे श्रेय तापमानाच्या मर्यादेला आहे. उणे १४० अंशांखाली आवरणेही मरतात असे मानले जाते; नायट्रस ऑक्साइडचा उत्कलनबिंदूच उणे ८८ अंशांच्या आसपास असल्यामुळे हे उपकरण त्या टोकाला जाऊच शकत नाही. द्रवरूप नायट्रोजन उणे १९६ अंशांचा असतो, म्हणून त्याला येथे जागा नाही.

प्रत्यक्ष उपचार

संमती घेताना बाईंनी दोन प्रश्न विचारले. पहिला, 'नस मारली म्हणजे पाय लुळा पडणार का?' ही शाखा केवळ संवेदना वाहते, तिच्यावर कोणताही स्नायू अवलंबून नाही, त्यामुळे चालण्याची ताकद कमी होण्याचा प्रश्न नव्हता. संवेदना आणि हालचाल दोन्ही वाहणाऱ्या मिश्र तंतूंच्या बाबतीत हेच उत्तर देता येत नाही. दुसरा प्रश्न अधिक अवघड होता: 'म्हणजे काही महिन्यांनी पुन्हा दुखणारच ना?' याचे प्रामाणिक उत्तर 'बहुधा हो' असेच होते, आणि तसेच ते देण्यात आले. गाठ जिथल्या तिथे राहणार होती. तिच्याकडून येणारा रस्ता फक्त काही काळ बंद होणार होता. थंडीने अंगावर गांधी उठणे, बोटे पांढरी-निळी पडणे, किंवा रक्तातील प्रथिने थंडीत साकळण्याचा विकार असणे, यांपैकी काही आहे का ते विचारून घेतले. असे विकार असलेल्यांना हा उपचार देत नाहीत.

बाईंना उताणे झोपवून पाय किंचित बाहेर वळवला. फक्त त्वचा बधिर केली, तंतू नाही, कारण पुढच्या पायरीला रुग्णाचे उत्तर लागते. सोनोग्राफीखाली उपकरण शाखेजवळ नेल्यावर अर्ध्या व्होल्टपेक्षा कमी दाबाचा, जलद कंपनांचा विद्युतप्रवाह देण्यात आला. बाई लगेच म्हणाल्या, 'हीच ती जागा, हेच ते दुखणं.' मंद कंपनांच्या प्रवाहाने कोणताही स्नायू फडफडला नाही. तंतू त्वचेच्या फार जवळ असल्याने मधल्या जागेत सलाइन सोडून त्वचा वर उचलून घेतली. सावळ्या त्वचेवर थंडीच्या इजेचा पांढुरका किंवा काळपट डाग बराच काळ राहतो, त्यामुळे आपल्याकडच्या रुग्णांमध्ये ही काळजी विशेष घ्यायला हवी.

मग दोन मिनिटे गोठवणे आणि एक मिनिट वितळू देणे, अशी तीन आवर्तने झाली. पहिल्या अर्ध्या मिनिटात कळ आली आणि मग भाग बधिर होत गेला. पडद्यावर बर्फाचा गोळा काळ्या वर्तुळासारखा, चकाकत्या कडेचा दिसत होता, आणि तंतू त्याच्या आत आहे याची खात्री करता येत होती. प्रत्येक वेळी गोळा पूर्ण वितळल्याशिवाय उपकरण हलवले नाही, कारण गोठलेल्या ऊती धातूला चिकटतात आणि ओढल्यास फाटतात. अर्ध्या-पाऊण तासात सगळे आटोपले आणि बाई चालत घरी गेल्या.

नंतरचे महिने

दुसऱ्या दिवशी दुखणे दोनवर होते. थोडी सूज आणि निळसर डाग दहा दिवसांत गेले. दोन आठवड्यांनी फिजिओथेरपी पुन्हा सुरू झाली आणि खरे काम तिथेच झाले. व्रणावर मालीश, निरनिराळ्या पोताच्या कापडांनी त्वचेला स्पर्शाची सवय, मांडीच्या पुढच्या स्नायूंचे बळ आणि वाकवण्याचे व्यायाम, हे सगळे आता हात लावता येत असल्यामुळे शक्य झाले. प्रीगॅबालिन एकदम न थांबवता चार आठवड्यांत उतरवत बंद केले, आणि चक्कर थांबली. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी गुडघा १०८ अंश वाकत होता, दुखणे दोनवर स्थिर होते, आणि बाई एसटीने साताऱ्याला जाऊन आल्या होत्या.

येथे एक हिशेब नोंदवण्याजोगा आहे. गोठवलेली जागा न्यूरोमापासून सुमारे सात सेंटिमीटर वर होती. दिवसाला एक ते दोन मिलिमीटर या वेगाने तंतू पाच ते दहा आठवड्यांत तिथे पोहोचायला हवा. आराम प्रत्यक्षात पाच महिने टिकला. नवे धागे सुरुवातीला बारीक व अपरिपक्व असतात, आणि मधल्या शांततेत मज्जारज्जूची वाढलेली संवेदनशीलता खाली येते, अशी दोन कारणे यासाठी दिली जातात. दुसरे कारण मला अधिक पटते, कारण पाचव्या महिन्याअखेर झिणझिण्या परतल्या तेव्हा त्या तळहाताएवढ्या पट्ट्यात नव्हे, तर दोन बोटांच्या जागेत होत्या. सहाव्या महिन्यात दुखणे चारवर आले. पूर्वीच्या सातवर ते गेले नाही.

पुराव्याच्या बाबतीत हात राखूनच बोलायला हवे. याच शाखेवरची सर्वांत ज्ञात चाचणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. तीत गुडघ्याची झीज असलेल्या १८० रुग्णांपैकी काहींना खरा आणि काहींना खोटा, म्हणजे तुलनेसाठी नुसता दिखाव्याचा, उपचार देण्यात आला, आणि खऱ्या उपचाराच्या गटाला ३०, ६० व ९० दिवसांच्या तपासणीत वेदनेत अधिक आराम मिळाल्याचे दिसले. पण ते झिजेचे रुग्ण होते, शस्त्रक्रियेनंतरच्या न्यूरोमाचे नव्हते. शिवाय उलटा दाखलाही डोळ्यांसमोर ठेवावा लागतो. अवयव कापल्यानंतर नसलेल्या हातापायात होणाऱ्या वेदनेवर ही पद्धत लहान प्रमाणातल्या अनुभवांत फार आशादायक वाटली होती. १४४ रुग्णांवर अनेक केंद्रांत झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मात्र खरा व खोटा उपचार यांत फरक दिसला नाही. ज्या वेदनेचे केंद्र पाठीच्या कण्यात आणि मेंदूत सरकले आहे, तिथे टोकाचा तंतू गोठवून फार साधत नाही, असा त्याचा अर्थ मी लावतो. बाईंच्या बाबतीत दोन तासांच्या लिग्नोकेनने वेदना जवळजवळ पूर्ण थांबली होती, म्हणजे तिचा उगम अजून गुडघ्यापाशीच होता. ती चाचणी इंजेक्शने दिलीच नसती, तर हा फरक कळण्याचा मार्ग नव्हता.

सातव्या महिन्यात पुढचा निर्णय घ्यायचा होता. शाखा कापण्याच्या शस्त्रक्रियेची माहिती बाईंना पुन्हा सविस्तर दिली. दुखणे चारवर असताना आणि व्यायाम चालू असताना पुन्हा टाके नकोत, असे त्यांचे म्हणणे पडले, आणि ते रास्त होते. त्याच पातळीवर गोठवण्याचा उपचार दुसऱ्यांदा करण्यात आला आणि दुखणे पुन्हा एकवर आले. आतल्या बाजूला नाण्याएवढा फिकट डाग राहिला असून त्याबद्दल त्यांची तक्रार नाही. यापुढे आरामाचा काळ तीन महिन्यांहून कमी झाला, तर गोठवणे थांबवून शाखा कापण्याचा विचार करायचा, अशी नोंद बाईंच्या संमतीने केसपेपरवर करून ठेवली आहे, आणि दर महिन्याचा आकडा त्या स्वतः वहीत लिहीत आहेत.